कूलंट तपकिरी, ऑइल दुधाळ: हेड उघडण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा. २५० सीसीची फोर-स्ट्रोक, लिक्विड-कूल्ड डर्ट बाईक. पावसाळ्यात दोन रविवार मुळशी-ताम्हिणीच्या बाजूला ओढ्या-चिखलातून चालवली, घरी आणून प्रेशर वॉशरने धुतली. आता रेडिएटरची कॅप उघडली की हिरवं कूलंट चहासारखं तपकिरी दिसतंय आणि वर थोडा तवंग आहे. इंजिनातलं ऑइल बाहेरून दिसावं म्हणून असलेल्या काचेत कडेला पांढुरकी साय धरलीय. प्रत्येक राइडला शे-दीडशे मिली कूलंट कमी होतं. गॅरेजमध्ये सांगितलं, ‘हेड गॅस्केट गेलंय, इंजिन उघडावं लागेल.’ हे खरं का, आणि त्याआधी घरी काय तपासता येईल?

तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून पहिला संशय हेड गॅस्केटवर (सिलिंडर आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधली सांधपट्टी) जात नाही, कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या सीलवर जातो. पण संशय म्हणजे निदान नव्हे. हेड गॅस्केट बदलायचं तर टाकी, रेडिएटर, कॅमशाफ्ट सगळं उतरवावं लागतं. पंपाच्या सीलचं काम बहुतेक इंजिनांत एका बाजूचं कव्हर काढून होतं. यातलं कुठलं करायचं हे दोन-तीन दिवसांत, बरंचसं घरातल्याच वस्तूंनी ठरवता येतं.

तोवर गाडी चालवू नका. कोपऱ्यावर जाऊन येण्यापुरतीसुद्धा नको. ऑइलमध्ये कूलंटमधलं ग्लायकॉल मिसळलं की बेअरिंगमधला ऑइलचा पातळ थर टिकत नाही, आणि पहिला मार कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाच्या बेअरिंगला बसतो. क्लच प्लेटांचं अस्तरही फुगतं, मग क्लच अडकतो नाहीतर घसरतो. सील स्वस्तात येतं. क्रँक उघडायची वेळ आली तर मामला पार वेगळ्या खर्चावर जातो.

सगळं निदान एका गोष्टीवर उभं आहे: द्रव जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो. इंजिन गरम झालं की कूलंटवर कॅपवर छापलेल्या आकड्याइतका दाब चढू शकतो. बऱ्याच डर्ट बाईकच्या कॅपवर १.१ असतं, काहींवर १.४ किंवा १.८. हा आकडा बहुधा बार या दाबाच्या एककात असतो. ऑइलचं मात्र दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं असतं. ऑइल पंपाने वाहिन्यांतून ढकललेलं ऑइल चालू इंजिनात कूलंटपेक्षा जास्त दाबाखाली असतं. क्लच आणि गिअरच्या बाजूला नुसतं उडत असलेल्या ऑइलवर जवळपास दाबच नसतो. आणि पिस्टनच्या वर, ज्वलनाच्या क्षणी, दाब पन्नास बारच्याही वर जातो.

आता गळती कुठे झाली तर काय दिसेल ते पाहा. वॉटर पंपाच्या सीलच्या पलीकडे उडतं ऑइल असतं, म्हणून तिथून कूलंट ऑइलमध्ये शिरतं. उलटा प्रवास क्वचितच, तोही इंजिन थंड होताना. हेड गॅस्केट ज्वलनकक्ष आणि कूलंटच्या वाटेमध्ये फुटलं तर धुराचा वायू कूलंटमध्ये घुसतो, कूलंट ओव्हरफ्लो पाइपमधून बाहेर फेकलं जातं, आणि गाडी बंद करून ठेवली की उरलेल्या दाबाने थोडं कूलंट सिलिंडरमध्ये झिरपतं. दाबाच्या ऑइलची वाहिनी आणि कूलंटची वाट यांच्यामध्ये गॅस्केट गेलं, किंवा कूलंटवर चालणारा ऑइल कूलर आतून फुटला, तर ऑइल कूलंटमध्ये येतं, आणि चांगलं भरपूर येतं. रेडिएटरच्या मानेला शिक्रणासारखा दाट थर बसतो आणि इंजिनातलं ऑइल कमी होतं. तुमच्याकडे तवंग थोडा आहे आणि ऑइल कमी झाल्याचं तुम्ही म्हटलेलं नाही. हे ध्यानात ठेवा.

मग कूलंट तपकिरी का झालं? तपकिरी म्हणजे ऑइलच असं नसतं. ज्या डर्ट बाईकला कूलंटची वेगळी रिकव्हरी टाकी नसते, तिचा ओव्हरफ्लो पाइप नुसता खाली फ्रेमजवळ लोंबत असतो. कॅपमध्ये दोन झडपा असतात. मोठी झडप दाब वाढला की बाहेर सोडते, मधली छोटी झडप इंजिन थंड होताना आत ओढून घेते. तापलेली गाडी ओढ्यात बंद पडली किंवा गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि पाइपाचं टोक पाण्यात असलं, तर थंड होणारं इंजिन तिथलं गढूळ पाणी सरळ रेडिएटरमध्ये ओढतं. मुळशीकडची तांबूस माती कूलंटला अगदी चहाचा रंग देते. दुसरं कारण म्हणजे वरून घातलेलं बोअरचं किंवा टँकरचं पाणी. त्यातल्या क्षारांनी आणि लोहाने रंग बदलतो, पांढरट खवले सुटतात. तिसरं कारण, दोन वेगळ्या जातींची कूलंटं एकत्र करणं. त्यांतली रसायनं एकमेकांशी जमली नाहीत तर जेलीसारखा गाळ धरतो. आणि तवंगाचं सांगायचं तर ज्या नरसाळ्यातून मागच्या वेळी इंजिन ऑइल ओतलं त्यातूनच कूलंट भरलं असेल, तर चमचाभर ऑइलसुद्धा मिसळीवरच्या तर्रीसारखं सगळीकडे पसरलेलं दिसतं. नरसाळं कुठलं वापरलं ते आठवून बघा. अशा तवंगावरून इंजिनं उघडली जातात.

आता तपासणी. गाडी रात्रभर उभी आणि पूर्ण थंड असली पाहिजे. गरम कॅप कधीही उघडू नका. दाबाखाली आतलं कूलंट १०० अंशांच्या पुढे असूनही उकळत नसतं, आणि कॅप सैल झाल्या क्षणी वाफ होऊन तोंडावर येतं.

स्वच्छ काचेच्या चार बाटल्या घ्या, वर चिठ्ठ्या लावा. पहिल्या बाटलीत रेडिएटरच्या मानेतून सिरिंजने वरवरचं ५० मिली कूलंट. दुसरीत पंपाच्या कव्हरवरचा सगळ्यात खालचा बोल्ट, ज्याला बहुधा तांब्याचा वॉशर असतो, तो सैल करून खालचं १०० मिली. दोन्ही २४ तास हलवू नका. ऑइल असेल तर वर वेगळा थर येतो. माती आणि गंज तळाला बसतात आणि वरचं कूलंट पुन्हा बऱ्यापैकी हिरवं दिसतं. राखाडी-पांढरा लिबलिबीत गाळ दिसला तर ॲल्युमिनियम झिजतंय किंवा कूलंटं मिसळली गेलीत. वरच्या तवंगाचा एक थेंब खाकी कागदावर टाकून उन्हात वाळवा. ऑइलचा डाग तेलकट, पारदर्शक राहतो, कागद उजेडात धरला की लगेच कळतं. पाण्याचा डाग वाळून जातो. ग्लायकॉल वाळायला वेळ घेतं, म्हणून घाईने निकाल काढू नका, एक दिवस जाऊ द्या.

तिसरी बाटली इंजिन ऑइलची, आणि इथे घाई केली तर पुरावाच जातो. कूलंट ऑइलपेक्षा जड असतं. मोकळं कूलंट आत असेल तर रात्रभरात ते तळाला, ड्रेन बोल्टवर येऊन बसतं. म्हणून बोल्ट एकदम काढू नका. खाली बाटली धरा, बोल्ट आट्यातच ठेवून हळूहळू सैल करा आणि पहिले ५० मिली वेगळे घ्या. आधी हिरवट पाणी आलं आणि मागून ऑइल आलं, तर प्रश्नच मिटला. मातकट पाणी आलं तर ते बाहेरून शिरलेलं असू शकतं, ब्रीदर पाइपमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) नाहीतर ऑइल भरायच्या झाकणातून; पण तुमचं कूलंटच तपकिरी आहे, म्हणून पहिल्या दोन बाटल्यांशी रंग ताडून बघा. नुसतं दुधाळ, कॉफीसारखं ऑइल आलं तर पाणी घुसळून मिसळलंय आणि ते कित्येक दिवस ठेवलं तरी वेगळं होणार नाही. बाकीचं ऑइल चौथ्या मोजपट्टीच्या बाटलीत काढून मोजा. मागे भरलं होतं त्यापेक्षा जास्त निघालं, तर आत भर पडलेली आहे. लिटर-सव्वा लिटर ऑइलच्या इंजिनात १०० मिलीचा फरक सहज कळतो.

काचेतली साय एकटी मात्र फारसं काही सिद्ध करत नाही. पावसाळ्यात पाच-दहा मिनिटांच्या फेऱ्या मारल्या की इंजिनात दव धरतं आणि काचेच्या कडेला, झाकणाच्या आत पांढरट थर दिसतो. पूर्ण गरम होईपर्यंत अर्धा तास गाडी चालली की तो जातो. ऑइलमध्ये पाणी आहे की नाही हे पक्कं करायचं तर तव्याची परीक्षा करा. स्वयंपाकातून बाद झालेला जुना तवा घ्या, पुन्हा स्वयंपाकाला वापरायचा नाही असा. उघड्यावर, चष्मा लावून, पाण्याचा थेंब चुर्र करून लगेच उडेल पण ऑइलला धूर येणार नाही इतका तापवा. एका बाजूला नव्या ऑइलचा थेंब, दुसऱ्या बाजूला तुमच्या ऑइलचा. नवा थेंब शांत पसरतो. पाणी असलेला फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडतो. ते पाणी पावसाचं की कूलंटमधलं हे मात्र तवा सांगत नाही. ते हिशेबावरून कळतं.

हा हिशेब मला सगळ्या परीक्षांत जास्त मोलाचा वाटतो. डर्ट बाईक संथ गतीने चढ चढताना, पंखा नसेल तर, थोडं कूलंट बाहेर टाकतेच. आणि रेडिएटर काठोकाठ भरला असेल तर पहिल्या राइडला फुगलेलं कूलंट बाहेर पडणारच. योग्य पातळी बहुधा आतल्या जाळीच्या वर साधारण १० मिलिमीटर असते, मानेपर्यंत नाही. बरेच जण दर वेळी काठापर्यंत भरतात, दर वेळी ते बाहेर पडतं, आणि ‘कूलंट पितेय’ असा समज होतो. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या राइडला, किंवा तळातून आणि मोजणीतून ऑइल पूर्ण स्वच्छ ठरलं असेल तर आत्ताच, ओव्हरफ्लो पाइपाचं टोक २५०-३०० मिलीच्या पारदर्शक बाटलीत सोडा. बाटली फ्रेमला केबल टायने बांधा आणि तिच्या झाकणाला हवेसाठी छोटं भोक ठेवा. थंड असताना पातळी मोजा, राइड करा, दुसऱ्या दिवशी थंड असताना पुन्हा मोजा. रेडिएटरमधून १२० मिली गेलं आणि बाटलीत ११० मिली मिळालं, तर आत काही जात नाही. कॅप, पातळी आणि तापणं बघा. १२० गेलं आणि बाटलीत १० आलं, तर उरलेलं १०० कुठे तरी मुरतंय.

आता वॉटर पंप. बहुतेक इंजिनांत तो उजव्या बाजूला, क्लच कव्हरच्या पुढच्या खालच्या अंगाला असतो. इंपेलरचा (कूलंट ढकलणारी पाती) शाफ्ट कव्हरमधून आरपार जातो. एका टोकाला कूलंट, दुसऱ्या टोकाला ऑइल आणि गिअर. मध्ये दोन सील असतात: कूलंटच्या बाजूला मेकॅनिकल सील (स्प्रिंगने एकमेकींवर दाबलेल्या दोन चकत्या), ऑइलच्या बाजूला ऑइल सील (शाफ्टवर टेकणारा रबरी ओठ). काही इंजिनांत मेकॅनिकल सीलच्या जागी पाठीला पाठ लावलेली दोन ऑइल सीलंच असतात. या दोन सीलांच्या मध्ये मोकळी जागा असते आणि तिच्या तळाला एक बारीक भोक, कव्हरच्या खालून बाहेर निघणारं. ते इशारा देण्यासाठीच ठेवलेलं आहे. कूलंटचं सील गेलं की इथून हिरवा थेंब पडतो, ऑइलचं गेलं की ऑइलचा. दोन्हीचं काही बिघडायच्या आत तुम्हाला कळावं, ही त्यामागची योजना.

अडचण अशी की हे भोक चिखलाच्या बरोबर वाटेत असतं. पुढच्या चाकाने उडवलेली माती त्यात जाऊन बसते, वाळून सिमेंटसारखी होते. मग कूलंटचं सील गळायला लागलं की मधल्या जागेत कूलंट साठतं आणि त्याला बाहेर जायला वाट नसते. ऑइल सीलचा ओठ ऑइलकडे तोंड करून बसवलेला असतो, त्या बाजूने येणारा दाब त्याला शाफ्टवर घट्ट दाबतो. मागून दाब आला की मात्र तोच ओठ उचलला जातो. म्हणजे चांगलं ऑइल सीलसुद्धा पाठीमागून आलेल्या कूलंटला आत जाऊ देतं. प्रेशर वॉशरचा झोत थेट त्या भोकावर मारला तर चिखल आणखी आत ठासला जातो आणि सीलच्या ओठापर्यंत कण पोचतात. तुमच्या गोष्टीत चिखल, झोत आणि कमी होणारं कूलंट, तिन्ही एका ओळीत बसतात, म्हणून पहिला संशय इथे.

गाडी स्टँडवर घ्या, टॉर्च लावून ते भोक शोधा. मऊ तांब्याच्या तारेने तोंडाजवळचा चिखल हळूच उकरा. तार खोल खुपसू नका, सील फाटेल. चिखलामागून हिरवं पाणी टपकलं तर निदान जवळजवळ झालंच. भोकाच्या कडेला वाळलेला हिरवट-पांढरा खार हीसुद्धा पुरेशी खूण आहे.

मग प्रेशर टेस्टर. हातपंप आणि दाबाचा काटा असलेला हा संच कारच्या गॅरेजमध्ये सापडतो. कारचा अडॅप्टर बाईकच्या बारीक मानेवर बसत नाही, लहान अडॅप्टर आहे का ते आधी विचारा. रेडिएटर भरून, इंजिन थंड असताना, कॅपवरच्या आकड्याइतकाच दाब द्या. १.१ बार म्हणजे साधारण १६ पीएसआय. त्याच्या पुढे नको. १५ मिनिटं काटा बघा. पडला तर आधी बाहेर शोधा: पाइपांचे क्लिप, रेडिएटरचे कोपरे, पडल्यावर लागलेले मार, इशाऱ्याचं भोक, सिलिंडरच्या खालची गॅस्केटची रेघ. बाहेर काहीच ओलं नाही तरी काटा पडतोय, तर स्पार्क प्लग काढा, बोअरोस्कोप (बारीक नळीच्या टोकाचा कॅमेरा) आत घाला आणि पिस्टनच्या डोक्यावर ओल आहे का पाहा. नंतर प्लगच्या भोकासमोर कोरा कागद धरून किक मारा. हिरवट तुषार उडाले तर कूलंट सिलिंडरमध्ये जातंय. एक सावधगिरी: झिजलेलं मेकॅनिकल सील उभ्या शाफ्टवर कधीकधी दाब धरून ठेवतं आणि फिरायला लागल्यावरच गळतं. म्हणून काटा स्थिर राहिला एवढ्यावर पंपाला निर्दोष ठरवू नका.

हेड गॅस्केटची खूण वेगळी असते. थंड इंजिन टेस्टर लावून सुरू केलं की पाणी तापायच्या आतच, मिनिटभरात, काटा चढायला लागतो आणि प्रत्येक स्फोटाबरोबर थरथरतो. दाब मर्यादेच्या वर जायला लागला की इंजिन लगेच बंद करा. ही परीक्षा ऑइल बदलून, काही मिनिटांपुरतीच करायची. कूलंटमध्ये धुराचा वायू आहे का हे निळ्या रसायनाच्या टेस्टरनेही कळतं. रेडिएटरच्या मानेवरची हवा त्यातून ओढली की कार्बन डायऑक्साइडमुळे निळा रंग पिवळा होतो. त्याआधी पातळी चार-पाच सेंटिमीटर खाली घ्या, नाहीतर कूलंटच नळीत ओढलं जाईल. लीक-डाउन टेस्टर (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठे गळते ते दाखवणारं उपकरण) मिळाला तर सगळ्यात उत्तम. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा, गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचा ब्रेक दाबून धरायला माणूस बसवा, प्लगच्या भोकातून ५-६ बार हवा द्या आणि रेडिएटरच्या मानेत बघा. बुडबुडे सतत येत राहिले तर हेड गॅस्केट, वाकलेलं हेड किंवा तडा, तिन्हींपैकी एक. बुडबुडे नाहीत तर हेडला हात लावायचं कारण बहुधा उरत नाही. याशिवाय गॅस्केट गेलेल्या गाडीत प्लगचं टोक वाफेने धुतल्यासारखं स्वच्छ असतं, गरम झाल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर थांबत नाही, आणि रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू व्हायला कटकट करते. यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही.

एक शॉर्टकट बाजारात सुचवला जातो, जास्त दाबाची कॅप. १.१ च्या जागी १.८ लावली की ओव्हरफ्लोमधून बाहेर पडणं थांबतं, पण गळक्या सीलवरचा दाब वाढतो आणि जास्त कूलंट ऑइलमध्ये जातं. गळती बुजवणारी पावडर तर घालूच नका. रेडिएटरच्या बारीक नळ्या आणि पंपाचं तेच इशाऱ्याचं भोक ती बुजवते.

पंप ठरला तर पुढचं काम असं. कूलंट आणि ऑइल काढून कव्हर उतरवा. इंपेलर काढण्याआधी त्याचा बोल्ट सरळ आट्याचा की उलट्या आट्याचा हे मॅन्युअलमध्ये पाहा. शाफ्ट बाहेर आला की पुसून कोरडा करा आणि सील जिथे घासतं तिथे नख लांबीच्या दिशेने फिरवा. नख अडकलं तर शाफ्ट बाद. त्या खाचेवर नवं सील बसवलं तर काही तासांतच पुन्हा गळतं, आणि ‘सील नकली होतं’ असा निष्कर्ष काढला जातो. शाफ्ट बेअरिंगमध्ये आडवा हलतोय का तेही पाहा. हलणारा शाफ्ट कुठलंही सील खातो, बेअरिंग आधी बदला. ऑइल सील साइझवर मिळतं: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, तिन्ही मिलिमीटरमध्ये. स्पेअर पार्टसाठी पुण्याच्या नाना पेठेत जाताना जुनं सील आणि शाफ्ट दोन्ही बरोबर न्या, व्हर्नियरने मापून घ्या. ऑइलच्या बाजूचं सील असं घेऊन चालतं. कूलंटच्या बाजूचं मेकॅनिकल सील मात्र कंपनीचंच घ्या. त्याची उंची आणि स्प्रिंगचा दाब जुळला नाही तर ते पहिल्या दिवसापासून गळतं.

बसवताना सीलची बाहेरची कड जेवढी तेवढाच सॉकेट टेकवून सरळ दाबा, वाकडं शिरलं तर काढून फेका. ऑइल सीलच्या ओठाला बोटाने थोडं ग्रीस लावा. मेकॅनिकल सीलच्या घासणाऱ्या चकतीला मात्र ग्रीस नको, बोटसुद्धा लावू नका, स्वच्छ कूलंटचा थेंब पुरे. शाफ्टला चावीची खाच किंवा आटे असतील तर त्यावर पातळ प्लॅस्टिक गुंडाळून सीलमधून सरकवा, त्या धारेने नवा ओठ कापला जातो. ओ-रिंग आणि तांब्याचा वॉशर नवे घ्या. आणि कव्हर बंद करायच्या आधी इशाऱ्याच्या भोकातून उजेड दिसतो याची खात्री करा.

हेडच निघालं तर थोडक्यात: हेड आणि सिलिंडरची वरची कड दोन्ही स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्या) सहा दिशांनी तपासा. बहुतेक जपानी मॅन्युअल ०.०५ मिलिमीटरच्या आसपास मर्यादा देतात. त्यापेक्षा जास्त वाकलं असेल तर भोसरी-चिंचवडकडे सरफेस ग्राइंडिंग करून घेता येतं, पण किती घासलं ते मोजून लिहून ठेवा. कॉम्प्रेशन वाढतं आणि वाल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. गॅस्केट दर वेळी नवं. बोल्ट आडव्या-तिडव्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच.

टू-स्ट्रोकवाल्यांसाठी निदान सोपं आहे. तिथे गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं, ज्वलनाशी त्याचा संबंध नाही. गिअरबॉक्सचं ऑइल दुधाळ झालं तर बहुतेक वेळा पंपाचं सील, नाहीतर कव्हरचं गॅस्केट. हेडच्या ओ-रिंग गेल्या तर पांढरा धूर आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे. दोन्हींची गल्लत व्हायचं कारण नाही.

दुरुस्तीनंतरची सफाई अर्धवट सोडू नका. इंजिनात त्याच ग्रेडचं, जासो एमए२ (ऑइलात बुडालेल्या क्लचच्या बाईकसाठीचं मानक) लिहिलेलं साधं नवं ऑइल भरा, दोन-तीन मिनिटं आयडलवर चालवा, काढा. दुधाळपणा जाईपर्यंत पुन्हा करा, बहुधा दोन ते तीन वेळा. फिल्टर पहिल्या आणि शेवटच्या वेळी नवा, जाळ्या धुवून. डिझेल किंवा रॉकेल घालून इंजिन फिरवू नका, बेअरिंगला त्यात टिकणारं वंगण मिळत नाही. रेडिएटरमध्ये ॲल्युमिनियमला चालणारा फ्लश डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात घाला. कॉस्टिक सोडा किंवा फरशीचं ॲसिड ॲल्युमिनियम खातं. फ्लशनंतर डिस्टिल्ड वॉटरने निदान तीनदा, पाणी नितळ येईपर्यंत धुवा. कूलंटमध्ये खरोखर ऑइल गेलं असेल तर रबरी पाइप दाबून बघा. फुगून मऊ पडलेला पाइप धुतल्याने सुधारत नाही.

भरताना सिलिकेट नसलेलं, ॲल्युमिनियम इंजिनाचं एथिलीन ग्लायकॉल कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. तयार मिश्रणात आणखी पाणी नको. पुण्यात कूलंट गोठायचा प्रश्न नाही, ग्लायकॉल हवं ते उकळबिंदू आणि गंजासाठी. निम्म्याहून जास्त घातलं तर उष्णता वाहून न्यायची ताकद उलट कमी होते. पुढचं चाक उंच ठेवा, हळूहळू भरा, हेडवर हवा काढायचा बोल्ट असेल तर तो सैल करा, पाइप हाताने दाबत राहा. जुनं कूलंट गटारात किंवा मातीत ओतू नका. ते गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये, मुलांच्या हाताबाहेर ठेवा आणि जुन्या ऑइलसारखंच गॅरेजच्या टाकाऊ द्रवांत द्या.

पहिली राइड वीस मिनिटांची, रस्त्यावर, ओव्हरफ्लोची बाटली बांधून. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना पातळी मोजा, ऑइलची काच बघा आणि ड्रेन बोल्ट पुन्हा तसाच हळू सैल करून पहिले २० मिली काचेच्या बाटलीत घ्या. ते नितळ आलं आणि हिशेब जुळला, तर पुढच्या तीन राइडनंतर तेवढंच पुन्हा करा. धुताना झोत पंपाच्या खालच्या बाजूला मारू नका, तिथला चिखल पाण्याने भिजवून ब्रशने काढा, आणि इशाऱ्याचं भोक मोकळं आहे हे दर वेळी बोटाने चाचपून बघा.